राणी सुगेमीचा रनअप

राणी सुगेमीनं काळी तलवार उपसली, डोक्यावर गरगर फिरवली आणि अस्सल मराठीत ओरडली, "गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष ठेव म्हणून सांगितलं होतं!"

धैर्यशील मोहिते हसून हसून खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्याच्या खोलीतून चाललेलं थेट प्रक्षेपण बघणारे हजारो लोकही हसले असणार, कारण पडद्याच्या कडेला 'नाद खुळा', 'वहिनी जगात भारी' अशा ओळींची रांग लागली. वहिनी म्हणजे प्रणोती, धैर्यशीलची बायको. 'लोहमेघ' ही जपानी चित्रमालिका मराठीत आली तेव्हापासून त्यातल्या खलनायिकेचा, म्हणजे राणी सुगेमीचा आवाज तिचाच होता. आज रविवारी सकाळी त्याच मालिकेवरचा मारामारीचा व्हिडिओ गेम मराठीत बाहेर पडला होता. गेम खेळून दाखवणं आणि त्यावर बडबड करणं हाच धैर्यशीलचा पोटापाण्याचा धंदा. आपल्याच बायकोच्या आवाजाशी नवरा लढणार, हे त्यानं आठवडाभर आधीपासून गाजवून ठेवलं होतं.

प्रणोती पोह्यांची ताटली घेऊन त्याच्या मागं उभी होती. तीही हसली, आणि हसता हसता थबकली. दुधाचं वाक्य मालिकेच्या एकाही भागात नव्हतं. गेमसाठी तर ती एक अक्षरही बोलली नव्हती. कंपनीनं मालिकेची जुनी ध्वनिमुद्रणं विकत घेतली होती आणि आवाज यंत्रानं तयार केला होता. मग हे वाक्य तिथं कसं पोचलं? वाक्य तिचं होतं, यात शंका नव्हती. शब्द तिचे, चीडही तिचीच.

"सुगेमीबाई, दूध उतू जाऊ दे, तुमचं डोकं सांभाळा," धैर्यशील कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला आणि त्यानं राणीच्या गुडघ्यावर लाथ घातली.

पडद्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली दोन पट्ट्या होत्या. वरची जीवपट्टी. ती सगळ्याच मारामारीच्या गेममध्ये असते. मार खाल्ला की कमी होते. खालची मनपट्टी, हे या गेमचं नवं खूळ. हातातल्या कंट्रोलरच्या पाठीवर, तळवा टेकतो तिथं, एक बारीक हिरवा दिवा होता. तो प्रकाश कातडीत शिरायचा आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त होऊन परत यायचा, त्यावरून नाडी कळायची. तळव्याला घाम सुटला की कातडीतून वीज जास्त सहज वाहते, तेही मोजलं जायचं. आणि एरवी झटकन हलणारा अंगठा कधी अडखळला, याचीही नोंद व्हायची. तिन्हींची गोळाबेरीज म्हणजे मनपट्टी. हिरवी असली तर गडी थंड आहे, लाल झाली तर गडी हलला. बघणाऱ्यांना त्यातच जास्त मजा यायची.

धैर्यशीलची पट्टी हिरवीगार होती. राणीनं दुसरा टोमणा मारला, "तुझ्या मामींच्या पुढं पुढं करायला बरं जमतं!" पट्टी ढिम्म. तिसरा मारला, "टॉवेल पलंगावर टाकू नको!" प्रेक्षक लोळले. पट्टी ढिम्मच.

मग राणी क्षणभर गप्प झाली. तिनं तलवार खाली घेतली आणि अगदी हळू म्हणाली, "फोन वाजत होता."

पट्टी पिवळी झाली.

प्रणोतीच्या हातातली ताटली कलंडली. "बंद कर," ती म्हणाली. खोलीतल्या स्पीकरवरून तिला सगळं ऐकू येत होतं, पण धैर्यशीलच्या कानांवर हेडफोन होते.

"वाजत होता," राणी म्हणाली. या वेळी आवाज चढला होता. "तू बघितलास. नाव बघितलंस. आणि पालथा ठेवलास!"

पट्टी लाल झाली. एवढी लाल, की तिच्या कडा पडद्याबाहेर फाकल्यासारख्या दिसल्या. धैर्यशीलचा अंगठा जागच्या जागी राहिला. राज्यातल्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकलेला हा गडी, पण राणीनं त्याला चार वारांत आडवा केला आणि त्यानं एकही अडवला नाही. कडेला ओळी धो धो वाहत होत्या: 'भावा काय झालं', 'वहिनीनं मारला', 'कुणाचा फोन रे'. धैर्यशीलनं हेडफोन काढले, वाकला आणि भिंतीतली वायर उपटली.

पोहे फरशीवर सांडले होते आणि दोघांपैकी कुणीही ते उचलत नव्हतं.

"काय बोलालीस तू तिथं?" धैर्यशील शेवटी म्हणाला. "स्टुडिओत जाऊन माझ्याबद्दल हे बोलालीस? लोकांसमोर?"

"लोकांसमोर नाही. बंद खोलीत," प्रणोती म्हणाली. "आणि ते खोटं होतं. मी रचलेलं होतं ते."

ते खरोखरच रचलेलं होतं, निदान त्या सकाळपर्यंत तिची तशी खात्री होती.

दोन वर्षांपूर्वी प्रणोतीची आई गडहिंग्लजच्या घरात न्हाणीत पाय घसरून पडली. फोन पदराच्या गाठीशी होता म्हणून लेकीला लावता आला. पण लेक स्टुडिओत होती आणि स्टुडिओत आत जाताना फोन बाहेरच्या स्टीलच्या डब्यात टाकावा लागतो. मग आईनं जावयाला फोन लावला. जावई स्पर्धेत खेळत होता. त्याचा फोन पिशवीत होता आणि आवाज बंद होता. असं त्यानं सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दार फोडलं तेव्हा उशीर झाला होता. लवकर आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले आणि तो शब्द तिथंच सोडून निघून गेले. धैर्यशील तेव्हा लहान पोरासारखा रडला होता. "तुला काय माहीत होतं का," असं म्हणून प्रणोतीनंच त्याला जवळ घेतलं होतं. त्या एका वाक्यावर त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला होता.

महिन्याभरानं ती कामावर गेली. सुगेमी आपल्या विश्वासघातकी सेनापतीला ठार मारते तो प्रसंग होता. राग काही येईना. डबिंगचे दिग्दर्शक अशफाक मुल्ला, कोल्हापुरात या धंद्यातला प्रत्येक जण त्यांच्याच हाताखालून गेलेला, काचेपलीकडून म्हणाले, "पोरी, रनअप घे की."

रनअप ही मुल्लासरांची शिकवण. गोलंदाज पळत येऊन चेंडू टाकतो, तसं नटानं खऱ्या वाक्याआधी आपलं स्वतःचं एक वाक्य बोलायचं. ज्याच्यावर राग आहे त्याला उद्देशून, मोठ्यानं, आणि त्याच श्वासात पात्राच्या वाक्यात शिरायचं. ध्वनिमुद्रण मधे थांबवायचं नाही. सुरुवातीचा तेवढा भाग नंतर छाटायचा. प्रणोतीचे रनअप साधे असायचे. दूध, टॉवेल, मामी. त्या दिवशी तिनं डोळे मिटले आणि जे झालंच नव्हतं ते झालं असं मानलं: धैर्यशीलनं फोन बघितला, नाव वाचलं, पालथा ठेवला. तो प्रसंग एका दमात झाला. काचेपलीकडे मुल्लासरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या वर्षीचा आवाजाचा पुरस्कार तिला त्याच प्रसंगासाठी मिळाला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यानंतर मोठा प्रसंग आला की ती तोच रनअप घ्यायची. घरी येताना तिला बिचाऱ्या नवऱ्याची लाज वाटायची आणि त्या रात्री ती हटकून तांबडा रस्सा करायची.

"रचलेलं होतं," तिनं पुन्हा सांगितलं. मग तिची नजर विझलेल्या पडद्याकडे गेली. "पण धैर्य, तुझी पट्टी लाल का झाली?"

"माझ्या मेलेल्या सासूवरनं मला कुणी भर चौकात बोलालंय, तर पट्टी काय हिरवी राहील?" असं म्हणून तो शर्ट चढवून बाहेर निघून गेला.

उत्तर चोख होतं. प्रणोतीला ते पटलं नाही, आणि खोटंही म्हणता येईना.

मुल्लासर तिची वाट बघत असल्यासारखे स्टुडिओच्या पायरीवर बसले होते. त्यांनीही सकाळचा प्रकार पाहिला होता. "माझ्या हातनं झालं, पोरी," ते म्हणाले. "कंपनीनं मागितलं, सगळी कच्ची ध्वनिमुद्रणं द्या, छाटून दिली तरी चालतील. मी म्हटलं, छाटणार नाही. छाटलं की श्वास तुटतो, आणि श्वास तुटला की वाक्य मेलं. यंत्राला शिकवायचं तर नीट शिकू दे. असली अक्कल मला सुचली बघ."

हिंदीत, तमिळमध्ये, खुद्द जपानीत यंत्राला छाटलेली, धुतलेली वाक्यं मिळाली होती; तिथली सुगेमी 'तुझा अंत जवळ आला' यापलीकडे जात नव्हती. घरचं उणंदुणं काढणारी सुगेमी एकट्या मराठीच्या वाट्याला आली, ती एका कसबी माणसाच्या हट्टापायी.

मुल्लासरांनी पुण्याला फोन लावून दिला. गेमच्या आवाजाचं काम बघणाऱ्या इरावती नाडगौडा पडद्यावर आल्या. चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण होतं आणि आनंद लपत नव्हता.

"प्रणोतीताई, अभिनंदन! तुम्हाला अंदाज नाहीये सकाळपासून काय चाललंय. लातूरच्या एका बँकेतल्या गृहस्थांनी खेळ अर्धवट टाकून भावाला फोन केला, सात वर्षांनी. इचलकरंजीत एका बाईंनी टीव्ही फोडला. परीक्षण लिहिणारे म्हणतायत, अशी खलनायिका झाली नाही. दोन आमदार बंदी मागतायत, म्हणजे विक्री आणखी वाढणार."

"तिला माझ्या नवऱ्याचं कसं कळलं?" प्रणोतीनं मधेच तोडलं.

"कळलं नाही. तिला काहीच कळत नाही," नाडगौडा म्हणाल्या. "बघा, यंत्राला एकच काम दिलंय. वाक्य टाकायचं आणि पट्टी बघायची. हलली तर त्याच दिशेनं पुढचं वाक्य टाकायचं, नाही हलली तर दिशा बदलायची. तुमच्या जुन्या वाक्यांवरून ते नवी वाक्यंही जुळवतं, हजारो, आणि ज्यानं समोरचा चुकतो तेच ठेवतं. न उचललेला फोन प्रत्येकाच्याच आयुष्यात असतो ना. म्हणून ते वाक्य सगळ्यांना लागतंय."

"म्हणजे ते खरं आहे का खोटं, हे..."

"खरं-खोटं तिला ओळखता येत नाही. लागलं का, एवढंच येतं."

मुल्लासर मान हलवत होते. "तालमीत नवा पैलवान समोर आला की वस्ताद आधी त्याला नुसतं चाचपतो," ते म्हणाले. "इथं दाब, तिथं दाब. कुठला गुडघा दुखरा आहे ते हाताला कळतं. का दुखरा आहे, ते वस्तादाला कशाला पाहिजे?"

म्हणजे यंत्रानं काहीच सिद्ध केलं नव्हतं. खोटा आळ आला तरी माणूस लाल होतोच. घरी जायचं, धैर्यशीलची माफी मागायची, कंपनीला वाक्यं काढायला लावायची आणि विषय मिटवायचा. संसार वाचवायचा तर हा रस्ता समोर स्वच्छ दिसत होता. रिक्षात बसल्यावर तिनं माफीची वाक्यंही जुळवली. पण दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तोंडातून वेगळंच निघालं.

"तू फोन बघितला होतास?"

धैर्यशील फरशीवर उकिडवा बसून वाळलेले पोहे कागदानं गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही. कितीतरी वेळ तो तोच कागद तिथंच फिरवत राहिला.

"बघितला," तो म्हणाला.

प्रणोती दाराला टेकली.

"अंतिम फेरी होती. फोन टेबलावर होता. आईंचं नाव दिसलं. मला वाटलं नेहमीसारखंच असणार, पांढरी गोळी सकाळची का रात्रीची, ते विचारायला. पाच मिनिटांनी करतो म्हटलं. पालथा ठेवला. मग जिंकलो, लोकांनी उचललं, आणि... विसरलो गं. तुला पिशवीत होता म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायला तोंड उघडलं, तर तूच म्हणालीस, तुला काय माहीत होतं का. मी काय सांगणार मग?"

तो रडत होता. प्रणोती त्याच्याकडे बघत होती आणि स्वतःच्या आत काय होतंय याची वाट पाहत होती. हे ऐकून आपण कोसळू, किंचाळू, निदान पिशवी भरू, असं तिला वाटलं होतं. तसलं काहीच आत हललं नाही. माहीत असलेली बातमी दुसऱ्यांदा ऐकावी तसं ते कानावरून गेलं. आणि त्याच गोष्टीनं ती घाबरली.

तिनं वायर भिंतीत लावली. पडदा उजळला.

"काय करालीस?" धैर्यशील दचकून उठला.

"खेळायचंय मला."

"प्रणू, नको. मी सांगितलं ना सगळं. आता कशाला?"

"तू गप बस जरा," ती म्हणाली आणि तिनं कंट्रोलर हातात घेतला. तळव्याला हिरवा दिवा चाटून गेला.

तिला खेळता येत नव्हतं. ती नुसती बटणं दाबत होती आणि राणी सुगेमी तिच्याभोवती फिरत होती. "गॅसवर दूध ठेवलंय!" पट्टी हिरवी. "मामींच्या पुढं पुढं!" हिरवी. आपलाच आवाज आपल्यावर ओरडताना ऐकणं विचित्र होतं, पण यंत्राच्या लेखी ती कुणी आवाजाची मालकीण नव्हती. समोर आलेला एक नवा गडी, एवढंच.

"फोन वाजत होता," राणी म्हणाली. पट्टी जराशी थरथरली आणि पुन्हा हिरवी झाली. धैर्यशील ते बघून पुढं सरकला. ज्या वाक्यानं तो आडवा झाला होता, त्या वाक्यानं त्याच्या बायकोला काहीच झालं नव्हतं.

राणी थांबली. तिनं दिशा बदलली.

"तू त्याला विचारलं नाहीस," राणी म्हणाली.

हे वाक्य प्रणोती कधी बोलली नव्हती. पट्टी पिवळी झाली. यंत्राला वाट सापडली.

"इतकी वर्षं एका ताटात जेवलीस. विचारलं नाहीस."

पट्टी नारिंगी. राणी जवळ आली. आवाज खाली आला, अगदी पुरस्काराच्या प्रसंगातल्यासारखा.

"विचारलं असतंस, तर तो खरं बोलला असता. मग त्याला सोडावं लागलं असतं, नाहीतर माफ करावं लागलं असतं. दोन्हीत राग संपला असता. मग मी कशावर बोलले असते?"

पट्टी लाल झाली. सकाळी धैर्यशीलची झाली होती त्याहून जास्त लाल. राणीनं तलवार चालवली. प्रणोतीनं अडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

धैर्यशील पडद्याकडे बघत होता. मग त्यानं वळून बायकोकडे बघितलं. सकाळपासून तो आरोपी होता, आणि आता काय झालं ते त्याला धड कळत नव्हतं.

"हे यंत्र काय तरी बडबडालंय," तो चाचरत म्हणाला. "होय ना? प्रणू? ते खरं नाही ना?"

नाडगौडांचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. खरं-खोटं तिला ओळखता येत नाही. तेवढं म्हटलं असतं तर धैर्यशीलनं जन्मभर ते मानलं असतं, जसं तिनं पिशवीतल्या फोनचं मानलं होतं. तिनं कंट्रोलर खाली ठेवला.

"खरं आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी फोन पिशवीत होता असं सांगताना तू माझ्याकडे बघत नव्हतास. मला तेव्हाच कळलं होतं. रचलं वगैरे मी काही नाही, मी ते स्टुडिओत नेऊन ठेवलं. दर वेळी थोडं काढायचं आणि वापरायचं."

"प्रणू..."

"आई न्हाणीत पडून तुझी वाट बघत होती, धैर्य," ती म्हणाली, "आणि मी त्याच्यावर टाळ्या घेतल्या."